खुडूक आणि रवण

विट्याहून प्रश्न आलाय: 'कोंबडी खुडूक झाली' आणि 'कोंबडी रवणाला बसवली' हे एकच का? आणि पोल्ट्रीवाले खुडूक म्हणजे अंडी बंद केलेली, असं धरतात, ते बरोबर का?

एकच नाही. खुडूक होते ती कोंबडी आपणहून, रवणाला, म्हणजे अंडी उबवायला, बसवतो माणूस. खुडूक कोंबडी जागची हलत नाही, हात घातला की पिसं फुलवून टोचते, खाली अंडी नसली तरी बसून राहते. अशी बघूनच तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवायची, मग ती रवणाला बसली. खुडूक नसलेली डालग्याखाली कोंडली तरी अंडी तुडवून उठते.

पोल्ट्रीवाल्यांचा अर्थ अर्धाच आहे. म्हातारी किंवा पिसं झडत असलेली कोंबडीही अंडी बंद करते, तिला खुडूक म्हणू नये. खुडूक होताना प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढतं, अंडाशय आखडतं आणि पोटाखालची पिसं झडून ऊबदार कातडी थेट अंड्यांना टेकते.

अंडी घालणं सोडून उबवत बसणं तोट्याचं वाटतं, पण निसर्गनिवडीने हाच गुण राखला. कोंबडी बसेपर्यंत अंड्यातली वाढ थांबलेली असते. त्यामुळे मागेपुढे घातलेली अंडीही बसल्यापासून साधारण एकविसाव्या दिवशी बरोबरच फुटतात. पिल्लं लगेच चालती होतात, एक-दोन दिवसांत आई त्यांना घेऊन उठते, मागे राहिलेलं अंडं गारठतं. रानात जी नुसती घालत राहिली, बसली नाही, तिचा वंशच उरला नाही. म्हणून रवण बसल्यावर चार दिवसांनी ताजं अंडं सरकवू नका, ते वाया जातं. अंगाखाली मावत नाहीत इतकीही ठेवू नका. काठावरची गारठतात, आणि कोंबडी अंडी सारखी फिरवते, त्यामुळे आळीपाळीने बऱ्याच अंड्यांना गारठा लागतो.

लेगहॉर्न जातीची कोंबडी सहसा खुडूक होत नाही, कारण माणसाने अंड्यांसाठी न बसणाऱ्याच निवडल्या. पण गुण पुरता मेलेला नसतो: न बसणाऱ्या दोन जातींच्या संकरातून उत्तम बसणाऱ्या कोंबड्या निघतात, हे डार्विनने १८६८ सालीच नोंदवलंय.

पिल्लं नको असतील तर खुडूक मोडायला पाण्यात बुचकळू नका. जमिनीपासून उंच, जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा, दाणापाणी मात्र रोज द्या. पोटाला खालून वारा लागला की ती बसणं सोडते.