बेसिक नीड्स सेंटरची मॅनेजर म्हणून सुरुवात कुठून करावी

ताई, आधी मनापासून अभिनंदन. तुम्ही विचारलंय की पुण्यात एमएसडब्ल्यू केलं, काही वर्षं समुपदेशन केलं, आता बे एरियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचे कोर्स देणारं सरकारी कॉलेज) वेलबीइंग आणि बेसिक नीड्सची, म्हणजे मुलांच्या जेवण-घरासारख्या मूलभूत गरजांची, मॅनेजर म्हणून जॉइन होताय, पॅन्ट्री (मुलांना फुकट खाण्याचं सामान देणारी खोली), घराचे प्रश्न, मेंटल हेल्थ सगळं तुमच्याच गळ्यात, तर आधी कशाला हात घालू. मी कॅलिफोर्नियातच स्टुडंट सर्व्हिसेसमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या दिवशी सगळे तुम्हाला पॅन्ट्री दाखवतील. पाहुणे आले की तिथेच आणतात, फोटो तिथलेच निघतात, आणि मग हळूहळू मॅनेजरचा सगळा वेळ डबे मोजण्यात आणि फ्रीज दुरुस्त करून घेण्यात जायला लागतो. पॅन्ट्री हवीच, सकाळपासून काही न खाल्लेल्या मुलाला त्या क्षणी दुसरं काही उपयोगाचं नसतं. पण एका पिशवीत दोन-तीन दिवस निघतात. कॅलफ्रेश (कमी उत्पन्नाच्या लोकांना धान्य-किराण्यासाठी मिळणारी सरकारी मदत) मंजूर झालं तर एकट्या राहणाऱ्या मुलाला महिन्याला जास्तीत जास्त जवळपास ३०० डॉलर ईबीटी कार्डावर (सरकार पैसे भरतं ते डेबिट कार्डासारखं कार्ड) येतात, आणि तो दुकानात जाऊन स्वतःला हवं ते विकत घेतो, रांगेत उभं राहून कुणी दिलेलं घेत नाही. हा फरक मला फार मोठा वाटतो. म्हणून टीममधला सगळ्यात हुशार माणूस पॅन्ट्रीवर नको, कॅलफ्रेशवर बसवा.

गोम अशी आहे की १८ ते ४९ वयाचा, पूर्णवेळ कोर्सेसच्या निम्मे किंवा त्याहून जास्त कोर्स घेतलेला विद्यार्थी फेडरल नियमाप्रमाणे मुळात अपात्रच धरतात, आणि सूट लागू असेल तरच पात्र होतो. आठवड्याला सरासरी २० तास काम, वर्क-स्टडी (सरकारी मदतीतून मिळणारं पार्ट-टाइम काम), ६ वर्षांखालचं मूल सांभाळणं, ईओपीएसमध्ये (गरीब घरातल्या मुलांसाठीचा कॉलेजचा मदत कार्यक्रम) असणं, अशा बऱ्याच सूट आहेत, पण त्या मुलांना कुणी सांगत नाही. मुलगा रात्री फोनवर फॉर्म भरतो, स्टुडंट म्हणून नकार येतो, आणि तो दहा मित्रांना सांगतो की आपल्याला मिळत नाही. अमेरिकी सरकारच्याच गाओ या तपासणी संस्थेने २०१८ च्या अहवालात म्हटलं होतं की २०१६ साली पात्र ठरू शकतील असे जवळपास २० लाख विद्यार्थी ही मदत घेतच नव्हते. आधी फायनान्शियल एड ऑफिसशी बसा आणि वर्क-स्टडी मिळालेली मुलं कोणती ते काढा (प्रायव्हसीचे नियम सांभाळून, यादी तुमच्या हातात न देता ईमेल त्यांनीच पाठवला तरी चालतं), मग ईओपीएसच्या डायरेक्टरला भेटा. "तू पात्र असू शकतोस, या खोलीत ये, फॉर्म आपण मिळून भरू" एवढाच मजकूर पुरे. कॅलफ्रेश कौंटी (म्हणजे जिल्हा प्रशासन) चालवते, त्यामुळे कौंटीचा माणूस आठवड्यातून एकदा कॅम्पसवर येऊन बसेल असं बघा. आणि ज्याच्याकडे अगदीच पैसे नाहीत त्याचा अर्ज तातडीच्या रांगेत जातो, कॅलिफोर्नियात तो तीन दिवसांत निकाली काढायचा नियम आहे, हे तुमच्या फ्रंट डेस्कवरच्या स्टुडंट वर्करलासुद्धा पाठ असलं पाहिजे.

आता बजेट. एबी १३२ या २०२१ च्या कायद्याने राज्यातल्या ११६ कम्युनिटी कॉलेजांना बेसिक नीड्स सेंटर आणि त्यासाठी एक कोऑर्डिनेटर ठेवणं बंधनकारक केलं, आणि सुरुवातीला दरवर्षीचे ३ कोटी डॉलर ठेवले, मेंटल हेल्थसाठी वेगळे ३ कोटी. ऐकायला मोठे, ११६ मध्ये वाटले की एका कॉलेजच्या वाट्याला सरासरी अडीच लाख, म्हणजे दोन-तीन माणसांचे पगार. तेव्हा माणसं कशावर लावायची हा निर्णय हेच तुमचं खरं काम आहे, आणि तो निर्णय आधी घ्या, नाहीतर रोजची धावपळ तुमच्यासाठी तो घेऊन मोकळी होईल.

दुसरी गोष्ट मला जीव तोडून सांगायचीय. मुलाला गरिबी सिद्ध करायला लावू नका. कुठल्याही सेंटरचे फॉर्म बघा, उत्पन्नाचा पुरावा, भाड्याची पावती, निबंधासारखं "तुमची परिस्थिती लिहा". ज्याला खरंच गरज आहे तो तिथेच पेन खाली ठेवतो. आपल्याकडे पूर्वी मुलं वार लावून जेवत आणि शिकत, त्यात पोट भरायचं पण रोज कुणाच्या तरी दारात उभं राहावं लागायचं, तो संकोच आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगलेला आहे, तुम्हाला तो समजावून सांगायला नको. टेक्ससमधल्या अमारिलो कॉलेजचं काम जरूर वाचा. त्यांनी मुलांना विचारलं की शिक्षणात सगळ्यात मोठी अडचण कोणती, आणि वरच्या दहा उत्तरांत अभ्यास कुठेच नव्हता, पाळणाघर, गाडी, भाडं, जेवण हेच होतं. मग त्यांनी कॅम्पसवरच सोशल वर्कर बसवले, आणि मूल दारात यायची वाट न बघता कमी उत्पन्नाच्या मुलांशी स्वतःहून संपर्क केला. २०२३ चं अ‍ॅस्पेन प्राइझ (उत्तम कम्युनिटी कॉलेजला मिळणारं मोठं बक्षीस) इम्पीरियल व्हॅली कॉलेजबरोबर त्यांना विभागून मिळालं, ते उगाच नाही.

इमर्जन्सी ग्रँटमध्ये रकमेपेक्षा वेग महत्त्वाचा. गाडीचं टायर फुटलं, कामावर जाता येत नाही, पगार बुडाला, भाडं थकलं, सेमिस्टर सुटलं, हे सगळं तीन आठवड्यांत होतं आणि कमिटी महिन्यातून एकदा भरते, मग ते पैसे येऊन उपयोग काय. ठरावीक रकमेपर्यंत सही तुमचीच चालेल एवढं डीनकडून लेखी घ्या. मात्र पैसे देण्याआधी फायनान्शियल एडला कळवत चला, नाहीतर मुलाच्या बाकीच्या एडमधून कपात होऊ शकते.

घर हा सगळ्यात अवघड भाग, आणि तिथे खोटी आशा दाखवू नका. बहुतेक कम्युनिटी कॉलेजांना हॉस्टेलच नाही. गाडीत झोपणारी मुलं तुमच्याकडेही असतील. लाँग बीच सिटी कॉलेजने २०२१ मध्ये अशा मुलांसाठी रात्री सुरक्षित पार्किंग सुरू केलं, वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमा शहरात तिथलं कम्युनिटी कॉलेज आणि हाउसिंग ऑथॉरिटी (घरांसाठी मदत करणारी सरकारी संस्था) यांनी मिळून २०१४ पासून भाड्यात मदत दिली. हे दोन्ही कुणीतरी बाहेरच्या ऑफिसांशी बोलणी करत राहिल्यामुळे झालं. बेघर विद्यार्थ्याला कॅम्पसचे शॉवर वापरायला मिळायला हवेत हा राज्याचा २०१६ चा कायदा आहे, तुमच्या जिमच्या वेळा बघा, सकाळी सातला दार उघडत नसेल तर त्या कायद्याचा त्या मुलाला काय फायदा.

मेंटल हेल्थ वेगळ्या इमारतीत, वेगळ्या वेटिंग लिस्टवर असेल तर ते जवळ आणा. तुम्ही समुपदेशन केलंय त्यामुळे हे तुम्हाला पटेल की झोप येत नाही म्हणून आलेल्या मुलीला पहिल्याच भेटीत "रात्री कुठे झोपतेस, आज काय खाल्लंस" हे विचारलंच पाहिजे. उलटही तेवढंच खरं, पिशवी न्यायला रोज येणारा मुलगा बोलेनासा झाला तर डेस्कवरच्या माणसाला ते टिपता यायला हवं.

एक आपल्या लोकांबद्दल. एफ-वन (स्टुडंट) व्हिसावर आलेल्या मुलांना कॅलफ्रेश मिळत नाही, कॅम्पसबाहेर काम करायला सहजी परवानगी नाही, फी कित्येक पट, आणि घरी कर्ज. बहुतेक ठिकाणी पॅन्ट्री त्यांनाही खुली असते, पण नाशिक-सांगलीकडून आलेला मुलगा "ही दुसऱ्यांसाठी असेल" म्हणून आत पाऊल टाकत नाही. त्यांच्या ओरिएंटेशनमध्ये तुम्ही स्वतः जाऊन मराठीत-हिंदीत दोन वाक्यं बोललात तर खूप फरक पडेल.

आणि सेंटर निदान दोन दिवस रात्री आठपर्यंत उघडं ठेवा, दिवसभर नोकरी करून संध्याकाळच्या क्लासला येणारे आपले खूप विद्यार्थी आहेत आणि त्यांना बहुतेक सेंटर बंदच दिसतं. जॉइन झाल्यावर तिथलं ऑर्ग स्ट्रक्चर कळलं की, कॉलेजचं नाव न टाकता, इथे लिहा, डीनकडे काय मागायचं ते मग नेमकं सांगता येईल.