सतरा मार्क पडले, पण नक्की कशात?

प्रश्न: नमस्कार ताई. माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत, आम्ही सोलापूरला राहतो, घरात तेलुगू बोलतो. त्यांचा सगळा जन्म बिड्या वळण्यात गेला, शाळा दुसरीपर्यंत, त्यातही अक्षरं कधी लागलीच नाहीत, फक्त सही येते. हल्ली विसरतात म्हणून दाखवायला नेलं तर तिथे मराठीत एक टेस्ट घेतली, ३० पैकी १७, आणि डिमेन्शियाची, म्हणजे हळूहळू स्मरण आणि समज कमी होण्याच्या आजाराची, सुरुवात आहे म्हणाले. बाहेर येऊन त्या रडल्याच, म्हणे मला वाचता येत नाही हे सगळ्यांसमोर कशाला काढलं. पण अजून बिड्यांचा हिशोब तोंडी चोख करतात हो, मग डिमेन्शिया कसा? टेस्ट दुसऱ्यांदा करून घ्यावी का?

उत्तर: तुमच्या सासूबाईंचं रडणं अगदी समजतं, आधी त्यांना सांगा की त्या नापास झालेल्या नाहीत. ३० मार्कांची म्हणजे ती बहुतेक एमएमएसई नावाची स्मरण आणि समज तपासायची टेस्ट असणार, १९७५ साली अमेरिकेत आलेली. त्यात एक वाक्य वाचून तसं करायचं, एक वाक्य लिहायचं, एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढायचे आणि शंभरातून सात सात पाच वेळा वजा करायचे. हे झाले आठ मार्क, आणि आठही शाळेचे! ज्यांनी आयुष्यभर हातात कात्री आणि पानं धरली त्यांच्या हातात एकदम पेन्सिल दिली की पंचकोन वाकडाच येणार, त्याचा मेंदूशी काय संबंध? आणि तारीख विचारली की आपल्याकडची कितीतरी म्हातारी माणसं 'परवा अमावस्या झाली' म्हणतात, ते उत्तर बरोबर असूनही कागदावर मार्क शून्य.

हे डॉक्टर लोकांना माहीत नाही असं नाही. नव्वदच्या दशकात हरियाणात बल्लभगडच्या खेड्यांतल्या न शिकलेल्या लोकांसाठी हीच टेस्ट हिंदीत बदलून घेतली. तिथे 'डोळे मिटा' हे वाचायला न देता विचारणाराच स्वतः डोळे मिटून दाखवतो आणि म्हणतो मी करतो तसं करा, वाक्य लिहायच्या ऐवजी घराबद्दल काहीतरी बोलायचं, वजाबाकी वीसातून तीन तीनची. मोका नावाची दुसरी टेस्ट आहे, तिच्यात बारावी किंवा त्याहून कमी शिकलेल्यांना एक मार्क वाढवून देतात, म्हणजे दुसरीवाल्यालाही एक आणि बारावीवाल्यालाही एकच, मला तरी हा न्याय पटत नाही. तिचीच मोका बेसिक म्हणून कमी शिकलेल्यांसाठी वेगळी आवृत्ती आहे. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेनेही आपल्याकडच्या भाषांत टेस्टचा संच केलाय आणि त्यात तेलुगू आहे, त्याबद्दल न्यूरॉलॉजिस्टकडे नक्की विचारा.

पण तुमचा बिड्यांचा मुद्दाही मी जसाच्या तसा धरणार नाही, राग मानू नका. पन्नास वर्षं केलेला हिशोब बराच काळ टिकतो, पंचवीस बिड्यांचा कट्टा तर झोपेतही मोजतील. सुरुवातीला जातं ते नवीन. काल घरी कोण आलं होतं, सकाळची गोळी घेतली का, तोच प्रश्न तासाभरात तिसऱ्यांदा विचारला का, गॅस चालू राहिला का, ओळखीच्या गल्लीत गोंधळल्या का, हे बघा. आणि दोन वर्षांपूर्वी त्या कशा होत्या त्याच्याशीच तुलना करा, शेजारच्या शिकलेल्या आजींशी नको.

तेव्हा हो, टेस्ट दुसऱ्यांदा करा. जाताना चष्मा घालून न्या, कानाने कमी ऐकू येत असेल तर ते आधी सांगा, नाहीतर ऐकूच न आल्याचेही मार्क जातात. बी ट्वेल्व्ह आणि थायरॉइड तपासलं नसेल तर करून घ्या, मन उदास असेल तरी विसरायला होतं, आणि ही तिन्ही कारणं बरी होण्यासारखी आहेत. आत गेल्या गेल्या सरळ सांगा की यांना वाचता येत नाही, तोंडी घ्या आणि तेलुगूत घ्या. फक्त तुम्ही दुभाषी बनू नका, सून मध्ये बसली की सासू अर्धी उत्तरं तिच्या तोंडाकडे बघून देते. तुमचं काम डॉक्टरांना वेगळं भेटून गॅस-गोळ्यांचं सांगायचं, आणि ते सासूबाईंच्या समोर नको.