पहिल्या हंगामात एवढंच सांभाळ

सकाळी सराव, मग कॉलेज, संध्याकाळी पुन्हा मैदान, रात्री अभ्यास, आणि इतकं करूनही आपणच कमी पडतोय असं वाटणं. नव्या खेळाडूंपैकी बऱ्याच जणांचं हेच होतं, तेव्हा घाबरू नकोस. सुरुवातीला एवढं कर:

- झोप. किशोरवयात रोज 8 ते 10 तास लागतात. परीक्षा आली की सगळे आधी झोपेलाच कात्री लावतात, मग पाय जड पडले की जादा सराव करतात. गाडी इथेच घसरते.
- आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. 'जरा हलकं पळून आलो' हे सुट्टीत धरत नाहीत!
- परीक्षांचं वेळापत्रक हाती येईल त्याच दिवशी कोचना दाखव.

सकाळी जाग आली की अंथरुणातच नाडी मोजून वहीत लिही. सलग काही दिवस ती नेहमीपेक्षा बरीच जास्त येतेय, चिडचिड होतेय, मैदानावर जाणंच नकोसं वाटतंय, तर तो आळस नव्हे. सराव कमी कर, कोचशी बोल. झोप उडाली किंवा जेवण जाईनासं झालं तर थेट डॉक्टर किंवा समुपदेशक गाठ. लाज कसली? अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने मानसिक आरोग्य जपण्यासाठी 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकची सांघिक अंतिम फेरी अर्ध्यावर सोडली होती. 2024 मध्ये पॅरिसला तिने तीन सुवर्णपदकं जिंकली.

स्मार्टवॉचमधले आलेख, रिकव्हरी स्कोअर (शरीर किती सावरलंय याचा आकडा) वगैरे सध्या राहू दे. महिनाभर ती वही नीट भरलीस तरी पुष्कळ.