वेल्चमधलं ८५ हजार डॉलरचं घर घ्यावं की भाड्यानं राहावं?

प्रश्न: मी इंटर्नल मेडिसिनची डॉक्टर आहे. जे-१ व्हिसाच्या वेव्हरवर (प्रशिक्षणानंतर मायदेशी परतण्याच्या अटीतून मिळणारी सूट) वेस्ट व्हर्जिनियातल्या मॅकडॉवेल काउंटीत तीन वर्षांची नोकरी मिळाली आहे. वेल्च गावात तीन बेडरूमचं घर ८५ हजार डॉलरला मिळतंय. भाड्यानं राहिलो तर महिना ९०० डॉलर. साठवलेले ५५ हजार आहेत, उरलेल्यासाठी नाशिकचा प्लॉट विकू, असं नवऱ्याचं म्हणणं. पुढे घर पर्यटकांना भाड्यानं देता येईल. घ्यावं का?

उत्तर: ताई, भाड्यानं राहा. आणि नाशिकचा प्लॉट मुळीच विकू नका.

एवढ्या पैशात अख्खं घर म्हटल्यावर मोह होणारच. पण किंमत कमी का आहे ते बघा. १९५० च्या जनगणनेत या काउंटीत ९८,८८७ माणसं होती. कोळशाच्या खाणीत यंत्रं आली, पुढे ऐंशीच्या दशकात खाणी चालवणाऱ्या पोलाद कंपनीनं हात आखडता घेतला आणि माणसं पोटापाण्यासाठी बाहेर पडली. २०१० मध्ये २२,११३ उरली, २०२० मध्ये १९,१११. घरं मात्र तिथंच आहेत. अशा ठिकाणी घर घेणं सोपं असतं, विकताना गिऱ्हाईक मिळवणं कठीण. तीन वर्षांनी तुमची बदली दुसऱ्या राज्यात झाली तर ते घर कोण घेणार, हा खरा प्रश्न.

आता हिशोब. भाडं ३६ महिन्यांचं ३२,४०० डॉलर. घर घेतलंत तर मालमत्ता कर, विमा आणि डागडुजी मिळून महिना ४५० धरा. जुन्या घराला हे जास्त नाही. तीन वर्षांचे १६,२०० झाले. खरेदी-विक्रीचा खर्च आणि एजंटचं कमिशन साधारण ८,०००. शिवाय ८५ हजार सुरक्षित ठिकाणी ४ टक्क्यांनी ठेवले असते तर मिळणारं १०,२०० व्याज बुडालं. एकूण ३४,४००. म्हणजे घर घेतलं त्याच किमतीला विकलं गेलं तरी तुम्ही २,००० डॉलरनं मागे. किंमत १० टक्के जरी उतरली तरी आणखी ८,५०० गेले.

कर्जाचा मार्गही फारसा मोकळा नाही. ग्रामीण भागासाठी कृषी खात्याची बिनडाउनपेमेंटची योजना आहे, पण ती नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसारख्यांसाठी. एच-१बी वर, म्हणजे वेव्हरनंतर तुम्ही ज्या कामाच्या व्हिसावर असाल त्यावर, ती मिळत नाही. एफएचएचं, म्हणजे सरकारी हमीच्या गृहकर्जाचं, दारही तात्पुरत्या व्हिसावाल्यांसाठी मे २०२५ पासून बंद झालंय.

पुराबद्दल मात्र मला जास्त काळजी वाटते. वेल्च हे टग फोर्क नदी आणि एल्कहॉर्न ओढ्याच्या संगमावर, डोंगरांच्या बेचक्यात आहे. सपाट जागा पाण्याकाठीच, म्हणून वस्तीही तिथंच. २००१, २००२ आणि फेब्रुवारी २०२५, तिन्ही वेळा या काउंटीला पुरानं झोडपलं. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर धरत नाहीत. त्याची पॉलिसी वेगळी काढावी लागते. जमिनीखाली जुन्या खाणी असण्याची शक्यता वेगळीच. खालच्या कोळशाचा हक्क बहुतेकदा दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर असतो, आणि जमीन खचली तर तो विमाही निराळा.

पर्यटकांचं म्हणाल, तर हॅटफिल्ड-मकॉय ट्रेल्सवर चारचाकी एटीव्ही घेऊन लोक येतात, हे खरं. पण एच-१बी वर घर नुसतं भाड्यानं देणं वेगळं आणि पाहुण्यांची सरबराई करत धंदा चालवणं वेगळं. असा धंदा म्हणजे काम, असं मानलं गेलं तर व्हिसा अडचणीत येईल. नवऱ्यालाही एच-४ वर (एच-१बीवाल्यांच्या जोडीदाराचा व्हिसा) कामाची परवानगी लगेच मिळत नाही. या भरवशावर पैसे अडकवू नका.

हे सगळं वाचून तिथल्या माणसांविषयी मात्र मन कलुषित करू नका. १९६१ मध्ये अमेरिकेतले नव्या योजनेतले पहिले फूड स्टॅम्प (गरिबांसाठी अन्नाची सरकारी कुपनं) याच काउंटीतल्या एका खाणकामगार कुटुंबाला मिळाले. गरिबी जुनी आहे आणि डॉक्टरांची गरजही. किंबॉलचं वॉलमार्ट २०१६ मध्ये बंद पडल्यापासून मोठ्या खरेदीसाठी घाटरस्त्यानं लांब जावं लागतं, तेव्हा चांगल्या गाडीसाठी पैसे बाजूला काढा. तुमच्यासारख्या डॉक्टरनं तिथं जाणं फार मोलाचं आहे. त्यासाठी घर विकत घ्यायची गरज नाही.

५५ हजारांतले सहा महिन्यांच्या खर्चाइतके पैसे हात न लावता ठेवा. नोकरी सुटली तर एच-१बी वर दुसरी नोकरी शोधायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, तेव्हा हीच पुंजी कामाला येते. प्लॉट विकला तर भारतात भांडवली नफ्यावर कर बसेल आणि अमेरिकेतही तो नफा दाखवावा लागेल. दुहेरी कर टाळता येतो, पण कागदपत्रं निस्तरावी लागतात.

तीन वर्षांनी तिथंच राहायचं ठरलं, तर उंचावरचं घर बघून पुन्हा लिहा. तूर्त रुग्णालयाकडे स्थलांतराचा खर्च मागा, आणि भाडेकरार करण्यापूर्वी मागच्या पुरात पाणी कुठवर आलं होतं ते शेजाऱ्यांना विचारा. भाडेकरूलाही सामानासाठी पुराचा विमा काढता येतो. तो सहसा ३० दिवसांनी लागू होतो, म्हणून किल्ली हातात येईल त्याच आठवड्यात अर्ज भरा.