चेरी श्रिंप (टाकीत पाळतात ती छोटी कोळंबी) रोज एक-दोन मरताहेत, पाणी तर स्वच्छ दिसतं, काय चुकतंय?

टाकी तीन आठवड्यांची, मासे नाहीत आणि दर रविवारी अर्धं पाणी बदलता, असं तुम्ही लिहिलंय. मला पहिला संशय त्या अर्ध्या पाण्याचाच येतो. मुंबईच्या नळाला भातसा, वैतरणा, तानसाचं पाणी येतं. ते मऊ, खनिजं कमी. श्रिंपला कात टाकायला कॅल्शियम लागतं, आणि एकदम इतकं पाणी बदललं की कात अवेळी सुटते, अर्ध्यात अडकते. मेलेल्या श्रिंपच्या डोक्यामागे पांढरा पट्टा दिसतो का, नीट बघा; ती अडकलेल्या कातीची खूण. दिसला तर जीएच, म्हणजे पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचं माप, मोजा. 6 ते 8 हवा. श्रिंपसाठीचं मिनरल मीठ मिळतं, ते घाला. पाणी आठवड्याला 10 टक्केच बदला, तेही क्लोरीन काढून.

पट्टा नसेल तर अमोनिया आणि नायट्राइट तपासा. दोन्ही शून्यच हवेत. तीन आठवड्यांत टाकी बहुधा तयार झालेली नसते, म्हणजे ही विषारी द्रव्यं पचवणारे जीवाणू तिच्यात पुरेसे वाढलेले नसतात.

आणि कृपा करून त्या खोलीतलं डासांचं लिक्विड मशीन आजच बंद करा! त्यातलं पायरेथ्रॉइड हे कीटकनाशक श्रिंपला अगदी थोडंही घातक ठरतं, आणि एअर पंप तीच हवा पाण्यात सोडत असतो. खाली धूरफवारणी सुरू झाली की आधी खिडक्या लावा.