फॉर्म भरायची घाई

‘आता पुढे काय करू?’ असं विचारत करिअरच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे येणारी बरीच माणसं उत्तर आधीच ठरवून आलेली असतात. त्यांना माझ्याकडून फक्त शिक्का हवा असतो. अशाच एका बाईंच्या पर्समध्ये तर भरलेला फॉर्मच होता. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे; ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

वय 43. लग्नानंतर नवऱ्याच्या व्यवसायाचे सगळे हिशेब त्यांनीच सांभाळले. पगार नाही, पद नाही. घटस्फोट झाला तेव्हा घराबरोबर कामही गेलं, आणि त्याच वर्षी आई गेली. फॉर्म समुपदेशनाच्या पदविकेचा होता आणि मुदत संपायला चार दिवस उरले होते. ‘मी एवढं सोसलंय मॅडम, दुसऱ्याचं दुःख मला चटकन कळेल.’

हे वाक्य माझ्या परिचयाचं आहे. सोसलेलं असणं म्हणजे या कामाची पात्रता नव्हे. जखम ओली असताना तर समोरच्याच्या गोष्टीत आपलीच गोष्ट ऐकू येऊ लागते. पण हे त्यांना तेव्हा सांगण्यात अर्थ नव्हता. मी एवढंच विचारलं, ‘प्रवेश मिळाला तर पहिला फोन कोणाला कराल?’

‘त्याच्या बहिणीला. म्हणजे बरोब्बर त्याच्या कानावर जाईल.’ बोलून गेल्या आणि स्वतःच ओशाळल्या.

त्यात ओशाळण्यासारखं काही नव्हतं. मोठ्या धक्क्यानंतर सुचलेली पहिली दिशा पुष्कळदा कोणाला तरी दाखवून देण्यासाठीच असते. रागाने माणूस अंथरुणातून उठतो, हे मी पाहिलेलं आहे. मात्र राग ओसरला की अभ्यास तेवढा उरतो आणि तो करावासा वाटत नाही.

थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या मानसोपचारतज्ज्ञांनी 1967 साली आयुष्यातल्या 43 घटनांची यादी करून त्यांना ताणाचे गुण दिले होते. जोडीदाराच्या मृत्यूला 100, घटस्फोटाला 73, जवळच्या नातेवाइकाच्या मृत्यूला 63. हे गुण सरासरीचे आहेत, त्यावरून कोणाचंही दुःख मोजू नये. पण त्या यादीतली एक ओळ मी मुद्दाम दाखवते: कामाचं क्षेत्र बदलणं, 36. नवी दिशा म्हणजे औषधच असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तोही एक भारच असतो, आणि तो आधीच वाकलेल्या माणसावर पडतो.

त्यामुळे आधी झोप. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज उदास वाटत असेल, कशातच मन लागत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर करिअरची चर्चा बाजूला ठेवून मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. जगणं नको असे विचार येत असतील तर त्याच दिवशी. या बाईंना तसे विचार नव्हते, पण बाकी सगळं होतं. त्यांना औषधं सुरू झाली.

मग आम्ही निर्णयांची वाटणी केली. पोटगीची कागदपत्रं, घरभाडं, आरोग्यविमा यांना तारखा होत्या, ते आधी. पुढच्या काही महिन्यांची सोय म्हणून ओळखीच्या ठिकाणी हिशेबाचं तात्पुरतं काम. करिअरला तारीख नव्हती. पदविकेचे प्रवेश पुढच्या वर्षीही निघणारच होते.

दरम्यान त्यांना एक वही ठेवायला सांगितली. दिवसभरात काय केलं ते लिहायचं आणि त्यापुढे दहापैकी दोन आकडे: किती जमलं, किती रमले. समुपदेशनावरची पुस्तकं वाचली त्या दिवशी ‘रमले’समोर 3. एका नोंदीपाशी मात्र खाडाखोड होती. आधी 9, ते खोडून 6. शेजारच्या आजोबांचा विम्याचा दावा फेटाळला गेला होता. या बाईंनी त्यांची सगळी बिलं तारखेप्रमाणे लावली, प्रत्येक औषधाच्या बिलाला डॉक्टरांची चिठ्ठी जोडली, आणि डिस्चार्ज कार्डावरची तारीख अंतिम बिलाशी जुळत नाही हे शोधून काढलं. संध्याकाळ कशी गेली ते कळलंच नाही म्हणे.

‘मग 9 खोडलं का?’

‘अहो, हे काय मोजायचं काम आहे का! चौदा वर्षं हेच तर करत होते.’

एवढी वर्षं केलेलं काम आणि ज्याच्यासाठी केलं तो माणूस, यांची त्यांच्या मनात एकच गाठ बसली होती. ती सोडवायला आमच्या बऱ्याच बैठका गेल्या. मध्येच त्या रडत आल्या, ‘परवा एवढी छान होते, आज पुन्हा मागे गेले.’ मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी 1999 साली मांडलेलं दुःखाचं प्रारूप इथे मला उपयोगी पडतं. माणूस कधी गेलेल्याकडे वळतो, कधी पुढच्या कामाकडे, आणि असं येणं-जाणं हीच सावरण्याची रीत, असं ते सांगतं. चांगल्या दिवसानंतरच्या रडण्याला त्या अपयश म्हणायच्या. ते हळूहळू थांबलं.

नंतर त्या एका रुग्णालयाच्या विमा विभागात आठवड्यातून दोन सकाळी शिकाऊ म्हणून जाऊ लागल्या. कागद आवडले, विमा कंपनीशी फोनवर हुज्जत घालणं अजिबात नाही. हेही वहीत आलं. पदविकेची तारीख पुन्हा आली तेव्हा त्यांनी फॉर्म घेतला नाही, आणि मीही विषय काढला नाही.

आता आमचा वाद वेगळाच आहे. रुग्णालय पूर्णवेळ नोकरी द्यायला तयार आहे, बाईंना मात्र घरूनच लोकांचे दावे तयार करून देण्याचं स्वतंत्र काम करायचं आहे. दरमहा ठरलेली रक्कम हातात यावी म्हणून निदान वर्षभर तरी नोकरी करा, असं माझं मत आहे. त्यांना ते अजून पटलेलं नाही.