नाईट ड्युटी आणि नीटचे मार्क

प्रश्न : मी रत्नागिरीत एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. मुलीला दहावीला ८९ टक्के होते, नीटला ७२० पैकी २९० आले. तिला नर्सिंगला जायचंय. तिच्या वेळी मी सातव्या महिन्यापर्यंत नाईट केल्या. घराचा हप्ता माझ्या पगारातून जायचा. आईच्या जागरणाचा पोटातल्या बाळाच्या मेंदूवर परिणाम होतो, असं मोबाइलवर वाचून मिस्टर म्हणतात, ‘तुझ्या नाईटमुळेच तिचं डोकं चालत नाही.’ नर्सिंगचं नावही नको, रिपीट करायचं, असं त्यांचं म्हणणं. दोन वर्षं ती रात्री दीडपर्यंत अभ्यास करून पहाटे पावणेसहाच्या एसटीने क्लासला जाते.
– एक आई, पावस

उत्तर : ताई, मार्कांचं नंतर बघू. आधी मिस्टरांचं ते वाक्य. ते पुन्हा त्यांच्या तोंडून येता कामा नये, मुलीसमोर तर नाहीच. एका दमात त्यांनी तुम्हाला गुन्हेगार केलं आणि पोरीला बिघडलेली ठरवलं. ज्या पगारातून हप्ता गेला, त्याच नाईटचा आज हिशेब मागतात? पोटुशा बाईला नाईट लावल्या ही चूक ड्युटी लावणाऱ्यांची. तुमची नव्हे.

मोबाइलवरची माहिती निराधार नाही, तिचा काढलेला अर्थ चुकीचा आहे. झोप-जागेच्या वेळा ठरवणारं शरीराचं घड्याळ पेशींत कसं चालतं, हे शोधणाऱ्या तिघांना २०१७चं नोबेल मिळालं. पोटातल्या बाळाला रात्र कळते ती आईकडून. अंधार पडला की तिच्या शरीरात मेलाटोनिन हे रात्रीची खूण देणारं संप्रेरक वाढतं आणि वारेतून (प्लासेंटातून) बाळापर्यंत पोचतं. तिच्या जेवणाच्या वेळा, अंगाचं तापमान यांचीही खूण मिळते. गाभण उंदरांना उजेड-अंधाराच्या वेळा सतत बदलून ठेवलं, तेव्हा पिल्लांच्या स्मरणशक्तीवर आणि रक्तातल्या साखरेवर परिणाम दिसले. बायकांच्या पाहण्यांत रात्रपाळीबरोबर गर्भपाताचा, अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा धोका थोडा वाढलेला आढळतो. म्हणून गरोदरपणी नाईट नकोच, हे मी ठासून सांगेन. पण हा धोका हजारो बायकांच्या हिशेबात दिसतो. एका मुलीच्या फिजिक्सच्या मार्कांवरून मागे जाऊन तिच्या आईच्या नाईट मोजता येत नाहीत. आणि डोकं चालत नसतं, तर ८९ टक्के कुठून आले?

बिघडलेलं घड्याळ तुमच्या घरात आहे, पण ते आजचं. या वयात झोप मुळातच उशिरा लागते. त्यात दीडला निजून पावणेसहाची एसटी, म्हणजे जेमतेम साडेतीन तास. वाचलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेत, आणि तीच तुम्ही दोघांनी दोन वर्षं कापलीत. हो, इथे तुम्हालाही धरतोय. रिपीट म्हणजे याचंच तिसरं वर्ष. माझा साफ विरोध आहे.

बीएस्सी नर्सिंगला राज्याची सीईटी असते. ते वेळापत्रक तिचं तिला बघू दे. नर्सिंगमध्ये नाईट आहेत, हे तिच्यापासून लपलेलं नाही. सकाळी पाय सुजून घरी येणारी आई बघत ती वाढली, आणि तरी तिला तेच व्हायचंय. असं ठरवून येणारी मुलं माझ्याकडे फार थोडी येतात. या घड्याळाच्या शास्त्रातच तिला गोडी लागली, तर रत्नागिरीच्या गोगटे-जोगळेकर कॉलेजला प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी करता येईल. पण तो विषय तिने काढला तरच.

मिस्टरांना घेऊन एकदा भेटायला या. नाईट करून आलेल्या दिवशी मात्र नको. त्या दिवशी आधी झोपा.